बोटीतून उतरा, घाटात चढा!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मुंबईची माझी भाची गोव्याला जाऊन आली. कशी गेली असेल? एस.टी.नं नाही, आगगाडीनं नाही, चक्क बोटीतून! दहा-अकरा मजल्यांची बोट, वर पोहायचा तलाव, रात्री जादूचे प्रयोग, सकाळी नाश्त्याला चाळीस प्रकार. परत आल्याबरोबर तिचा मला फोन. अर्धा तास बोटीचं वर्णन झाल्यावर मी विचारलं, "बरं, आणि गोवा कसा होता गं?"

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, गोवा आम्ही बसच्या खिडकीतून बघितला."

झालं होतं असं, की सकाळी बोट मुरगाव बंदराला लागली. सगळ्यांना बसमध्ये बसवलं. जुन्या गोव्यातलं एक चर्च पाहिलं, मसाल्याच्या बागेत जेवण झालं आणि तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे मंगेशीला जायच्या आधी बस वाहनांच्या गर्दीत अडकली. घड्याळ पुढं पळत होतं. बोट सुटायची वेळ ठरलेली. मग काय, देऊळ रद्द! माझ्या बहिणीनं देवाला वाहायला घेतलेला नारळ बसमधून बोटीत आणि बोटीतून थेट अंधेरीला परत गेला.

हे सांगून भाची म्हणाली, "तू तर तिकडं माधवनगरला राहतोस. तिथून गोव्याला कसं जातात?"

मी म्हटलं, "आमच्या घरामागं रूळ आहेत ना? त्याच रुळांनी. तुझी बोट ज्या बंदराला लागली, ते रूळ तिथपर्यंत जातात."

तिला काही ते खरं वाटेना. तुम्हाला तरी वाटतं का? सांगलीजवळच्या आपल्या या लहानशा गावाचा आणि समुद्रातल्या मोठमोठ्या बोटींचा काय संबंध? संबंध आहे, बरं का. तोच आज सांगणार आहे. पण त्याआधी बोटीतून उतरून केलेली सहल म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ.

अशा सहलीच्या बोटीला आता सगळे क्रूझ म्हणतात. ती तुम्हाला एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवायला निघालेली नसते. ती स्वतःच एक तरंगतं हॉटेल असते. रात्रभर प्रवास करायचा, सकाळी एखाद्या बंदरात थांबायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं. मधल्या सात-आठ तासांत प्रवासी खाली उतरून जी भटकंती करतात, तिला इंग्रजीत 'शोअर एक्स्कर्शन' म्हणतात. आपण किनारसहल म्हणू. आपल्या मुंबई-गोवा मार्गावर २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' नावाची बोट सुरू झाली होती. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांवरून. ती पुढं बंद पडली. पण २०२१ पासून मुंबईहून पुन्हा क्रूझ सुटू लागल्या.

किनारसहलीत सगळ्यात मोठा मालक कोण? घड्याळ! बोटीला धक्क्यावर उभं राहायचं भाडं पडतं. तिला बंदराबाहेर काढायला वाट दाखवणारा पायलट ठरलेल्या वेळी येतो. दुसऱ्या दिवशीच्या बंदरातली जागाही आधीच ठरलेली असते. म्हणून बोटीवर एक नियम बहुतेक ठिकाणी पाळतात. बोटीनंच ठरवलेल्या सहलीला उशीर झाला, तर बोट थोडी थांबते. तुम्ही आपलेआपण कुठं भटकायला गेलात आणि उशीर केलात, तर बोट गेली! धक्क्यावर उभं राहून हात हलवायचा. आमच्या सहामाहीची शाळेची सहल पन्हाळ्याला जायची, तेव्हा आमचे गुरुजी शिट्टी फुंकून फुंकून दमायचे. त्या शिट्टीपेक्षा हा भोंगा कडक.

एवढ्या थोड्या वेळात लांबचा डोंगर दाखवायचा कसा? त्यावर नॉर्वे देशातल्या लोकांनी एक झकास तोड काढली आहे. नकाशात युरोपच्या अगदी वरच्या टोकाला बघा. तिथला किनारा फणीच्या दातांसारखा चिरफाळलेला दिसेल. हिमनद्यांनी खोदलेल्या खोल दऱ्यांत समुद्र आत शिरलेला आहे. अशा चिरेला फिओर्ड म्हणतात. एका फिओर्डच्या टोकाला फ्लोम नावाचं खेडं आहे. वस्ती म्हणाल, तर आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. पण समुद्र इतका आत आणि इतका खोल, की भल्यामोठ्या क्रूझ थेट गावाच्या अंगणात येऊन उभ्या राहतात.

तिथले प्रवासी सकाळी बोटीतून उतरतात आणि बसमध्ये बसतात. बस त्यांना डोंगरातल्या लांबलचक बोगद्यांतून व्हॉस गावाला नेते. तिथं मोठ्या रेल्वेची गाडी पकडायची आणि डोंगरमाथ्यावरच्या मिर्डाल स्टेशनात उतरायचं. फलाटाच्या पलीकडं घाटातली गाडी उभीच असते. ती त्यांना खाली फ्लोमला, बोटीपाशी आणून सोडते. जाताना बस, येताना गाडी. एकही रस्ता दुसऱ्यांदा बघावा लागत नाही.

ही घाटातली गाडी १९४० साली सुरू झाली. रूळ अवघे २० किलोमीटर. पण तेवढ्यात ती ८६६ मीटर उंचीवरून जवळजवळ समुद्रपातळीपर्यंत उतरते. वाटेत २० बोगदे. त्यातले १८ माणसांनी हातांनी खोदलेले. मध्येच शॉसफॉसेन नावाचा धबधबा लागतो. तिथं काय करतात माहीत आहे? गाडी थांबवतात. धबधब्यासमोर मुद्दाम लाकडी फलाट बांधला आहे. सगळे खाली उतरतात, तुषारांत भिजतात, फोटो काढतात. उन्हाळ्यात तर कड्यावर तांबड्या कपड्यातली एक नाचणारी बाई दिसते आणि गाणं ऐकू येतं. ती तिथल्या लोककथांतली वनदेवता. खरी म्हणजे पगारावर नाचणारी मुलगी! पाच मिनिटं झाली, की शिट्टी. सगळे आत.

हे वाचून तुमच्या मनात आलंच असेल, की आपल्याकडंही घाट आहे, आगगाडी आहे, धबधबा आहे आणि खाली बंदरही आहे. अगदी बरोबर. आता माधवनगरला परत या.

आपलं माधवनगर स्टेशन लहानसं. पॅसेंजर थांबते, एक्स्प्रेस धूळ उडवत निघून जाते. त्या निघून जाणाऱ्या गाड्यांत एक गोवा एक्स्प्रेस आहे. दिल्लीच्या निजामुद्दीनहून निघते, पुणे-सातारा करत येते, सांगली-मिरजेला थांबते आणि पुढं वास्कोला जाते. मिरज सोडली, की शेडबाळ. मग कुडचीजवळ कृष्णा ओलांडायची. तीच कृष्णा, जी सांगलीच्या घाटावर तुम्ही पाहता. मग रायबाग, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा. इथपर्यंत पठार. कॅसलरॉक स्टेशन आलं, की पठार संपतं आणि जमीन एकदम खाली कोसळते. करंझोळ, दूधसागर, कुळे अशी नावं घेत गाडी गोव्यात उतरते. मडगाव, मग वास्को, आणि तिथून पुढं मालगाड्यांचे रूळ मुरगाव बंदरात. मिरजेपासून वास्कोपर्यंत सगळं मिळून सुमारे ३०० किलोमीटर.

आज एका गाडीत बसून हे होतं. माझ्या लहानपणी नव्हतं. १९७९ साली मी पाचवीत होतो. दिवाळीनंतर आम्ही सगळे मंगेशीला निघालो. सामान म्हणजे दोन वळकट्या, एक पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्या-चटणीचा डबा. शिवाय वाटेत खायला पिशवीभर भडंग. माधवनगरहून पॅसेंजरनं मिरजेला गेलो आणि तिथं सगळं उतरवलं. कारण पुण्याकडून येणारा रूळ होता ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांत १.६७६ मीटर अंतर. गोव्याकडं जाणारा होता मीटरगेज, बरोबर १ मीटर. आणि तिसऱ्या बाजूला उभी होती पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी बार्शी लाईटची गाडी. तिच्या रुळांत अंतर अवघं ७६ सेंटिमीटर! एकाच स्टेशनात मोठ्या, मधल्या आणि धाकट्या भावासारख्या तीन गाड्या. मी फलाटावर मीटरगेजच्या डब्याशेजारी उभा राहिलो, तर डबा मला केवढासा वाटला!

मिरजेचे हमाल त्या काळी राजे होते. प्रवाशांचं सामान या गाडीतून त्या गाडीत न्यायचं. मालगाड्यांतली पोतीही एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची. रूळ वेगळे, म्हणजे सगळं दोनदा.

रात्री गाडी निघाली. "घाट आला की मला उठवा," असं मी अण्णांना दहा वेळा सांगून ठेवलं. त्यांनी उठवलंही. आई म्हणते, मी उठून बसलो, "हो हो" म्हणालो आणि पुन्हा आडवा झालो. मला जाग आली ती कुळे स्टेशनात. दूधसागर मागं गेला होता. मी जो भोकाड पसरला, तो मडगावपर्यंत.

परतीची गाडी सुदैवानं उजेडी होती. कुळ्यापासून मी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून बसलो. बोगदा, अंधार, उजेड, झाडी, पुन्हा बोगदा. आणि अचानक समोरचा सगळा डोंगरच पांढरा! गाडी पुलावरून हळूहळू चालली होती. मी आकडे मोजत होतो. नव्वद म्हणालो आणि दगडी भिंत आडवी आली. नव्वद आकडे. एवढंच. ते आजही आठवतात.

आता प्रश्न असा, की असल्या कड्याकपारीतून रूळ घालायचं कुणाला सुचलं? आणि कशासाठी? धबधबा दाखवायला? छे! धबधब्याचा कुणी विचारही केला नव्हता. विचार होता बंदराचा आणि मिठाचा.

त्या वेळी गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य आणि घाटावर इंग्रजांचं. मुरगावला नैसर्गिक बंदर चांगलं होतं. पण बंदरात माल यायचा कुठून? पठारावर कापूस होता, धान्य होतं. मध्ये उभा सह्याद्री. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत एक करार झाला. त्यात बंदर ते सरहद्द रेल्वे बांधायचं ठरलं. बदल्यात इंग्रजांना काय मिळालं? गोव्याच्या मिठावरचा ताबा. गोव्याचं मीठ स्वस्त होतं आणि ते चोरून इकडं आलं, तर इंग्रजांचा मिठावरचा कर बुडायचा. म्हणून गोव्याच्या मिठागरांवरच त्यांनी हात ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणाऱ्या गोवेकरांचे त्यात हाल झाले. करार १८९२ मध्ये संपला. रूळ मात्र राहिले.

रेल्वे बांधणारी कंपनी लंडनमध्ये उभी राहिली. १८८८ साली बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा ८२ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. पुण्याहून मिरज-बेळगाव करत दुसऱ्या कंपनीचे रूळ १८९० च्या सुमाराला लोंढ्याला येऊन भिडले. आणि अशा रीतीनं आपला मुलूख समुद्राला जोडला गेला!

या मार्गाचा खरा कस कुळे ते कॅसलरॉक या २६ किलोमीटरांत लागतो. इथला चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे काय? एक प्रयोग करा. शाळेच्या व्हरांड्यात ३७ फूटपट्ट्या एकापुढं एक मांडा. शेवटच्या पट्टीच्या टोकाशी आणखी एक फूटपट्टी उभी धरा. ३७ पट्ट्या पुढं जाताना गाडीला तेवढं वर चढायचं असतं. तुम्ही म्हणाल, हात्तिच्या! यात काय आहे? सायकलवाला सुद्धा चढेल. पण सायकलचं चाक रबराचं आणि रस्ता खडबडीत. आगगाडीचं चाक पोलादाचं, गुळगुळीत; रूळही पोलादाचा, गुळगुळीत. दोघं एकमेकांना टेकतात तेही जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. सपाटीवर हा मोठाच फायदा. एक इंजिन हजारो टन ओढून नेतं. चढावर तोच तोटा. चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागतं. त्यातून पावसाळ्यात रूळ ओले आणि वर झाडांचा पाला पडलेला.

म्हणून चढणीवर गाडीला मागूनही इंजिनं लावतात. रेल्वेतली माणसं त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचा ओढतो, मागचे ढकलतात. बैलगाडी चिखलात रुतली, की एक जण बैलांपुढं होतो आणि बाकीचे मागून खांदा देतात, अगदी तसंच. खंडाळ्याच्या आणि कसाऱ्याच्या घाटातही ३७ ला १ चाच चढ आहे आणि तिथंही हीच युक्ती आहे. माथेरानची छोटी गाडी आणखी धीट. तिचा चढ २० ला १. आणि मघाच्या फ्लोमचा? १८ ला १!

पण रेल्वेवाल्यांना विचारा, ते सांगतील, की चढण्यापेक्षा उतरणं अवघड. चढताना गाडी अडली, तर उभी राहते. उतरताना ब्रेक चुकला, तर? म्हणून खाली निघण्यापूर्वी कॅसलरॉकला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. घाटात ती ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, शहाण्या मुलासारखी हळू चालते. मधल्या स्टेशनांतही ती थांबवतात. तुम्हाला वाटतं, गाडी उगीचच जंगलात उभी राहिली. उगीच नाही, ब्रेक धरतोय ना, हे तिथं बघतात. शिवाय काही ठिकाणी मुख्य रुळाला फुटलेली, डोंगराच्या अंगानं वर चढत जाणारी एक आखूड लाईन असते. बेफाम सुटलेली गाडी तिच्यावर वळवायची. चढ लागला, की तिचा वेग आपोआप मरतो. गोष्टीतल्या कुठल्याही रहस्यापेक्षा मला ही लाईन जास्त आवडते.

आणखी एक गंमत सांगायला हवी. १९६१ पर्यंत हा घाट म्हणजे दोन देशांची सरहद्द होती. कॅसलरॉक भारतात, कुळे पोर्तुगीजांच्या राज्यात. दोन्हीकडं ट्रंका उघडून तपासणी व्हायची. बेळगावहून मडगावला आजीकडं जायचं, तर जकातीच्या अंमलदारापुढं फराळाचा डबासुद्धा उघडायचा! गोव्याच्या मुक्तीचा लढा पेटल्यावर १९५५ मध्ये या सरहद्दीवरून गाड्याच थांबल्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतर रूळ पुन्हा जागे झाले. १९९० नंतरच्या दहा वर्षांत मीटरगेज जाऊन तिथं ब्रॉडगेज आलं. मिरजेचे तीन भाऊ आता एकाच मापाचे झाले आहेत.

आता दूधसागर. ३१० मीटर उंच! सांगलीच्या गणपती मंदिराचं शिखर एकावर एक किती वेळा ठेवावं लागेल, ते तुम्हीच मोजा. मांडवी नदी इथं चार टप्प्यांत कड्यावरून उडी घेते आणि मधल्या उंचीवर, तिच्या छातीशी म्हणा हवं तर, रेल्वेचा दगडी पूल आहे. पावसाळ्यात पुलावरून जाताना खिडकीतून तुषार आत येतात. २०१३ च्या 'चेन्नई एक्स्प्रेस' सिनेमात हा पूल दिसला आणि मग तर झुंबडच उडाली.

मग नॉर्वेसारखं इथं उतरू का देत नाहीत? दूधसागर नावाचं स्टेशन आहे खरं. पण तिथं प्रवाशांनी उतरायला आणि रुळांवरून धबधब्याकडं चालत जायला मनाई आहे. जुलै २०२३ मध्ये शेकडो तरुण मनाई मोडून उतरले, तेव्हा रेल्वे पोलिसांनी त्यांना रुळांशेजारीच कान धरून उठाबशा काढायला लावल्या. दाढी-मिशा आलेली माणसं उठाबशा काढताहेत, असं ते चित्र सगळ्या देशानं बघितलं आणि हसून घेतलं. हसण्यासारखं होतंच. पण कारण हसण्यासारखं नाही. एकेरी रूळ, दोन्ही टोकांना बोगदे, आतला रस्ता वळणाचा. खालून धबधब्याचा आवाज इतका, की गाडीची शिट्टी कानात शिरत नाही. बोगद्यात असताना गाडी आली, तर भिंत आणि डबा यांत माणूस मावेल एवढी जागा सगळीकडं नाही.

तरी मला विचाराल, तर नुसत्या मनाईनं भागायचं नाही. फ्लोमच्या लोकांनी एक चांगला फलाट बांधला, कठडा लावला, पाच मिनिटं ठरवली. त्यामुळं कुणाला चोरून उतरावंसं वाटत नाही. अर्थात त्यांच्याकडं ती गाडी प्रवाशांसाठीच धावते. आपला घाट मुख्यतः मालगाड्यांचा आहे, आणि इथंच खरी अडचण आहे.

मुरगावला बाहेरदेशाहून दगडी कोळसा येतो. तो या घाटानं वर कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो. तुमच्या डब्याचं, बाकाच्या पायाचं, सायकलचं पोलाद असल्याच कारखान्यांतून येतं. त्यामुळं कोळसा वाईट, असं एका दमात म्हणून टाकता येत नाही. पण एकेरी मार्गावर मालगाड्या फार वेळ खोळंबतात. म्हणून रेल्वेनं घाटात दुसरा रूळ टाकायचं ठरवलं. घाट कुठून जातो? भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून. दोन्ही मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचं रान. गवे, बिबटे, शेकरू, धनेश, राजनाग यांचं घर.

२०२० साली गोव्यात या रानासाठी मोठी चळवळ झाली. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी चित्रं काढली, पत्रं लिहिली. शास्त्रज्ञांनी तिथल्या झाडा-प्राण्यांच्या याद्या सरकारला पाठवल्या. त्या नोव्हेंबरात चांदर गावी शेकडो माणसं मेणबत्त्या घेऊन रात्रभर रुळापाशी बसली. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही होतं : गाड्या वेळेवर धावतील, बंदराला काम मिळेल, रस्त्यावरचे ट्रक कमी होतील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ मे २०२२ रोजी न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे या दुसऱ्या रुळाला दिलेली वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. रानावर काय परिणाम होईल, याचा नीट अभ्यास करून रेल्वेला पुन्हा विचारता येईल, अशी वाट मात्र मोकळी ठेवली. म्हणजे गोष्ट पुरती संपलेली नाही. १८८८ साली जंगलाला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी निदान विचारावं लागलं.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बोटीतून उतरून आम्हाला हा घाट बघताच आला नसता?" मग आम्ही दोघांनी फोनवरच हिशोब मांडला. मुरगाव ते कुळे रस्ता साठ-सत्तर किलोमीटर. बसला दोन तास धरा. परतीचे दोन तास. हे झाले चार. बोट आठ वाजता लागली आणि पाचला आत यायचं असेल, तर हातात उरतात पाच तास. घाटाच्या एका बाजूला तासाहून जास्त लागतो आणि गाड्या आपल्या सोयीनं नव्हे, त्यांच्या वेळापत्रकानं धावतात. एक मालगाडी मध्ये उभी राहिली, की बोट गेलीच! कुळ्याहून जंगलखात्याच्या परवानगीनं जीपगाड्या धबधब्याच्या पायथ्याशी जातात, तेवढं मात्र जमेल. पण त्यातही एक मेख आहे. जीप जातात पावसाळा संपल्यावर. क्रूझही येतात पावसाळा संपल्यावर. आणि धबधबा भरात असतो पावसाळ्यात! बोटीनं येणाऱ्याला एप्रिल-मे महिन्यात दिसतात कातळावरच्या चार-दोन पांढऱ्या रेघा.

म्हणजे हजारो रुपये देऊन आलेल्या बोटवाल्यांपेक्षा माधवनगर-सांगलीची पोरं नशीबवान. ऑगस्टमध्ये सुट्टी बघून निघावं. फक्त एक ध्यानात ठेवा : जाताना गोवा एक्स्प्रेस घाटात रात्री-पहाटे असते. वास्कोहून दुपारी सुटणाऱ्या परतीच्या गाडीनं घाट उजेडी लागतो. तिकीट काढण्याआधी मोठ्यांकडून वेळापत्रक एकदा तपासून घ्या. पावसाळ्यात दरड कोसळली, तर गाड्या रद्द होतात, तेही विचारून घ्या. आणि दारात उभं राहायचं नाही. खिडकीतून पुरेसं दिसतं.

भाचीचं ठरलंय. येत्या श्रावणात ती इकडं येणार, मग आम्ही सगळे मिळून मंगेशीला जाणार. बहीण म्हणाली, जुना नारळ खोवून केव्हाच संपला, नवा घेऊ. भाचीनं मला एकच अट घातली आहे. परत येताना कुळे स्टेशन सुटलं, की मामानं झोपायचं नाही.